रुमाल सोडून पाहिला नाही

ती घटना मला आजही आठवते, पण अभिमानाने नाही. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की पकडलेल्या दरोडेखोरांच्या लिहितो. माझ्याकडेही तशा दोन-तीन आहेत, आणि लग्नाकार्यात नातेवाईक मला त्याच सांगायला लावतात. ही कुणी सांगायला लावत नाही. हिच्यात मी पकडलेल्या माणसाने काहीच केलं नव्हतं.

तेव्हा एकच आंध्र प्रदेश होता आणि तालुके मोडून मंडलं नुकतीच झाली होती. आदिलाबाद जिल्ह्यात बोथच्या बाजूला, हैदराबाद-नागपूर रस्त्यालगतच्या एका ठाण्यात मी एसआय, म्हणजे फौजदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. आमचं घराणं निजामाच्या काळात दफ्तरात कारकुनी करायला इकडे आलं आणि इथलंच झालं. मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही मला घरच्या. त्यामुळे इथली माणसं आपल्याला तोंड उघडायच्या आत कळतात, अशी माझी समजूत होती. ती किती पोकळ होती ते पुढे येईलच.

बाजाराचा दिवस होता आणि महिनाअखेर होती. बाहेरच्या माणसाला या दोन गोष्टींचा संबंध कळायचा नाही. दारू पिऊन रस्त्यात गोंधळ घालणं, बिनादिव्याची सायकल चालवणं असल्या किरकोळ गुन्ह्यांना आमच्याकडे 'पेटी केस' म्हणत. दर महिन्याला त्या अमुक इतक्या झाल्याच पाहिजेत, असा वरचा आग्रह असे. कमी पडल्या की महिनाअखेरच्या बाजारात एक फेरी मारायची आणि झिंगलेले चार जण उचलून आणायचे. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, 'कबूल?' म्हणून विचारलं की ते मान हलवतात, दंड भरतात, घरी जातात. कुणाचं काही बिघडत नाही, असं आम्ही म्हणत असू.

त्या दुपारी शिपायांनी जो माणूस आणला तो पस्तिशीचा, पांढऱ्या शर्टातला होता. बांगड्यांच्या दुकानासमोर तो ओकला होता. चालताना झोकांड्या जात होत्या, बोलताना जीभ जड होत होती आणि अंगाला मोहाच्या दारूचा असा भपकारा येत होता की ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या राइटरने नाकाला हात लावला. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. मी विचारलं, काय लागलं? तो म्हणाला, "साहेब, मी पेत नाई." मी नाव विचारलं. नाव सांगितलं, गावही सांगितलं, प्राथमिक शाळेत मास्तर आहे म्हणाला, आणि लगेच विचारलं, "किती वाजले? घंटा दिली का?" वेळ सांगितली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा तेच.

हवालदार हसायला लागला. मीही हसलो. लॉकअपमध्ये आलेला प्रत्येक दारुडा 'मी प्यायलो नाही' हेच सांगतो. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. त्याने गावातली वस्ती सांगितली तेव्हाच तो बौद्ध असल्याचं मला कळलं, आणि 'या वस्त्यांत मास्तर झाला तरी सवय जात नाही' असं माझ्या मनात आलं. कुणी ते बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. या माणसाचा बाप सालगडी होता, हा शिकून मास्तर झाला आणि त्याने आपल्या वस्तीतली दारू बंद करायला लावली, हे मला चार महिन्यांनी कळलं. विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

नियम असा की जखमी माणूस ठाण्यात आला की मेमो देऊन त्याला आधी सरकारी दवाखान्यात पाठवायचं आणि डॉक्टरचा जखमेचा दाखला घ्यायचा. पण डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेलेले होते, आणि एका दारुड्यासाठी शिपाई दुसऱ्या गावी कोण पाठवणार? मी जनरल डायरी पुढे ओढली. आमचे जुने जमादार तिला रोजनामचाच म्हणत. तिच्यात तेलुगूत दोन ओळी लिहिल्या: दारूच्या नशेत पडला, डोक्याला किरकोळ मार. रुमाल सोडून पाहिला नाही. पाहिला नाही, तरी 'किरकोळ' लिहिलं.

संध्याकाळी त्याची बायको आली. गावात बालवाडी चालवायची. ती रडली नाही, आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "साहेब, ते पेत नाईत. त्याईले दवाखान्यात न्या." मी म्हटलं, सकाळपर्यंत उतरेल, सकाळी या. आत तो घोरत होता. उलटी, अडखळतं बोलणं, तोच तो प्रश्न आणि शेवटी ती जड झोप, एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. डोक्याच्या आत मार लागलेला माणूस असाच दिसतो, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दारुडा कसा दिसतो ते मात्र पाठ होतं.

सकाळी मॅजिस्ट्रेटने 'कबूल?' विचारलं. त्याने मान हलवली. पुढे त्याची बायको मला म्हणाली की त्या आठवड्यात ते कोणत्याही प्रश्नाला मान हलवत होते.

चार महिने गेले. मग एक टपाली अर्जी आली, खाली सही 'एक पालक'. शिक्षण खात्याला लिहिलेली, एक प्रत आम्हाला. मजकूर असा की अमुक गावचे गुरुजी शाळेत दारू पिऊन येतात, खिडक्या लावून वर्गात झोपतात, मुलांची नावं विसरतात आणि परवा एका पोराला पट्टीने बेदम मारलं. शिक्षण खात्याने आमच्याकडे विचारणा केली, या इसमाविरुद्ध पूर्वीची काही नोंद आहे काय? होती ना. मी माझ्याच दोन ओळींची आणि त्या कबुलीची नक्कल काढली, वर गोल शिक्का मारला आणि पाठवून दिली. त्या कागदावर गुरुजी निलंबित झाले. मारहाणीची चौकशी करायची म्हणून मी त्यांना ठाण्यात बोलावलं.

या वेळी त्यांची बायको बरोबर आली होती. तिच्या हातात शाळेची शंभर पानी वही होती. गुरुजी खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसले, लगेच डोळ्यांवर हात धरला आणि उठून कोपऱ्यात सावलीत जाऊन बसले. मी चौकशी सुरू केली. पोराला का मारलं? "गलका सहन नाई होत साहेब. मंग काय होते ते मले कळत नाई." आणि त्यांचे डोळे भरून आले. सकाळी काय जेवलात? त्यांनी बायकोकडे पाहिलं. शाळेत कधीपासून आहात? एक साल सांगितलं. थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं, तर दुसरं साल सांगितलं. जबाब बदलतो तो खोटं बोलतो, हे आम्हाला ट्रेनिंगपासून घोटून शिकवलेलं. मला वाटलं, मास्तर शिकलेला आहे, नाटक करून राह्यला.

मग मी एक हुशारी केली. मालखान्यात जप्त केलेल्या मोहाच्या दारूचा डबा होता. त्यातली पेलाभर काढून आणायला लावली आणि त्यांच्यासमोर ठेवली. विचार असा की सराईत माणसाचा चेहरा बदलतो, हात थरथरतो. पहिल्या धारेची दारू, पाण्यासारखी स्वच्छ. खोलीभर वास सुटला. राइटरने खिडकी सताड उघडली.

गुरुजींनी पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं साहेब, लय तहान लागली होती." पेला उचलला आणि ओठांना लावला.

त्यांच्या बायकोने झडप घालून तो हिसकावला. दारू टेबलावर, माझ्या कागदांवर सांडली. गुरुजी तिच्याकडे बघत राहिले, पाणी का हिसकावलं ते त्यांना कळेना. ती माझ्याकडे वळली. "त्याईले वास येत नाई साहेब. त्या दिवसापासून नाई येत. भाजी करपली, रॉकेल सांडलं, कायीच समजत नाई. तुमी काऊन असं केलं?"

ज्या माणसाने दारूबंदीसाठी वस्तीत भांडणं ओढवून घेतली, तो माझ्या ठाण्यात, माझ्या टेबलावर, माझ्या हातची दारू पाणी म्हणून पिणार होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

तिने वही उघडून दाखवली. पानापानावर गुरुजींच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: सकाळी चूल विझवली का पाहणे. धाकटीला ताप आहे. दुकानदाराशी भांडण झालं, माफी मागायची. हा माणूस वर्गात पाठ्यपुस्तक न उघडता शिकवायचा, आता त्याला घरचा रस्ता वहीत काढून ठेवावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, एका रेषेवर चालायला लावलं, नाकाशी लवंग आणि साबण धरला. म्हणाले, नागपूरला नेऊन डोक्याचा फोटो काढा, पण माझ्या मते आत रक्त साचलं होतं आणि वासाची नस तुटली आहे. झोप, राग, विसर, उजेडाचा त्रास, सगळं त्यातलंच. मी विचारलं, त्याच दिवशी आणलं असतं तर? ते लिहीत होते, मान वर न करता म्हणाले, "तर त्याच दिवशी पाहिलं असतं."

आता दारूचा वास आला कुठून, हे शोधायचं होतं. गुरुजींची सायकल बाजारापासून मैलभरावर, हमरस्त्याच्या वळणावर सापडली होती. तिथे एक म्हातारी बोरं विकायला बसते. सायकल उचलायला गेलेल्या शिपायांनी पूर्वी तिला विचारलं होतं, तेव्हा ती 'मले कायी ठाऊक नाई' म्हणाली होती. मी या वेळी वर्दी न घालता गेलो. जुनी माणसं फौजदाराला अजून अमीनसाब म्हणत, तीही तसंच म्हणाली आणि टोपलं उचलून निघायला लागली. मी तिला सांगितलं, तुझ्यावर कसलीही केस होणार नाही, फक्त मास्तरचं काय झालं ते सांग. तिने टोपलं पुन्हा खाली ठेवलं आणि बोरं निवडायला लागली.

"म्याच ओतली अमीनसाब," ती म्हणाली. "डोकं फुटलं होतं. रगत थांबून नोतं राह्यलं. घर मांगंच हाये, तिथं औषदाची ठेवली होती, पयल्या धारेची. थे ओतली, हयद दाबली अन् त्याचाच रुमाल बांधला. आमी असंच करतो." मग इतके दिवस का नाही सांगितलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मूर्ख मीच. "दारू कुठून आणली म्हून मलेच धरलं असतं ना तुमी."

तिचं बरोबर होतं, आम्ही धरलं असतं. अर्धी वस्ती जखमेवर तेच ओतते, हे मलाही ठाऊक होतं. माझ्या लहानपणी आमच्या गड्याच्या पायाला कुऱ्हाड लागली तेव्हा त्याच्या आईने हेच केलेलं मी पाहिलं होतं. पण डायरी लिहिताना ते मला आठवलं नाही. वासावरून माणूस ओळखायची सवय झाली की बाकीचं डोकं चालत नाही.

धडक कुणी दिली तेही तिने सांगितलं. पांढरी जीप, दर बाजाराला कापूस पाहायला येते, भैंसा गावाकडच्या एका जिनिंगवाल्याची. ती जीप मला चांगली ओळखीची होती. आमच्या ठाण्याची गाडी वर्षातले आठ महिने बंद असे. बंदोबस्ताला जायचं तर गावातल्या व्यापाऱ्याकडून गाडी मागवायची, ही सगळ्या ठाण्यांची रीत. त्या अपघातानंतर दोनच दिवसांनी मी याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून बंदोबस्ताला गेलो होतो. डावा दिवा नवा कोरा होता. मी ड्रायव्हरला म्हटलंही होतं, वा, दिवा बदलला वाटतं. त्याने नुसता गियर बदलला.

ड्रायव्हरला बोलावलं तेव्हा फारसं विचारावंच लागलं नाही. चार महिने तो कुणीतरी विचारायची वाट पाहत असावा. मागून धडक बसली, मास्तर उडून डोक्यावर पडला, आपण उतरणार तेवढ्यात तो स्वतःच उठला, सायकलचं हँडल सरळ केलं, 'कायी नाई झालं' म्हणाला. मालक म्हणाले, बघ, उठला, चल आता. डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालतो, बोलतो, आणि घटका-दोन घटकांनी कोसळतो, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण पळून गेले ते, आणि रात्रभर कोंडून घातला मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

गुन्हा दाखल झाला, पण वरातीमागून घोडं. गुरुजींचा पगार बंद, नागपूरच्या खेपा चालू. मीच त्यांच्या बायकोला सांगितलं की गरिबाला कोर्टाकडून फुकट वकील मिळतो, अर्ज करा. हे आधी चार महिने तिला कुणीच सांगितलं नव्हतं. पोलिसाने सांगायचं असतं, पण आम्ही कुणाला सांगत नसू. तिला मिळालेले वकील वयस्कर, हैदराबादकडचे होते. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा तयार केला आणि मला भेटायला आले. समोर कागद ठेवून म्हणाले, "साब, आपके दो लाइनां मेरा पूरा केस खा जारे." विमा कंपनीचा वकील एवढंच म्हणणार होता: तुमचा माणूस दारू पिऊन पडला, पोलिसांनी लिहिलंय, त्याने कबूलही केलंय.

मी साक्षीला उभं राहून माझीच नोंद खोटी म्हणायला हवी होती. सर्कल इन्स्पेक्टर म्हणाले, रेकॉर्डप्रमाणे बोला आणि उतरा, नाहीतर खात्याची चौकशी अंगावर घ्याल. माझं प्रमोशन तोंडावर होतं. पहिल्या तारखेला मी बंदोबस्ताचं कारण पाठवलं. दुसऱ्या तारखेलाही पाठवलं. पोलिसाला बंदोबस्त कधी कमी पडत नाही. दोन्ही वेळा ती बाई नवऱ्याला घेऊन पहिल्या बसने आदिलाबादला आली आणि परत गेली, हे मला कोर्टाच्या शिपायाने सांगितलं.

तिसऱ्या तारखेला मी गेलो. दोन्ही ओळी माझ्या आहेत म्हणालो. जखम पाहिली नाही, डॉक्टरकडे पाठवलं नाही, दारूचा वास जखमेवर ओतलेल्या दारूचा होता, हे सांगितलं. समोरच्या वकिलाने विचारलं, म्हणजे तुम्ही कायदेशीर डायरीत खोटं लिहिलंत? मी म्हणालो, हो. एवढं एक अक्षर बोलायला मी दोन तारखा घेतल्या होत्या.

दावा मंजूर झाला. माझं प्रमोशन तीन वर्षं लांबलं, ते ठीकच झालं. पण शिक्षण खातं म्हणालं, हा निकाल आम्हाला उद्देशून नाही, आमच्या फाइलवर दारूची कबुली आहे. ते निलंबन उठेपर्यंत गुरुजी पुन्हा वर्गात उभे राहण्याजोगे उरले नव्हते. आणि त्या दोन ओळी खोडता येत नाहीत, डायरीत खाडाखोड चालत नाही. खाली एक टीप लिहिता येते, ती मी लिहिली. पण वरची ओळ वाचून लोक पान उलटतात.

यातून मी काय शिकलो, असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, पुढे माझ्या ठाण्यात डोक्याला काही बांधलेला माणूस आला की मी स्वतः उठून ते सोडून पाहिलं आणि मगच पेन उचललं. दारू प्यालेलाही पडून डोकं फोडून घेतो, त्यालाही डॉक्टरकडे पाठवलं. त्यातले दोन जण वेळेवर पोचले म्हणून वाचले. हे ऐकून ते समाधानाने मान हलवतात. मला त्या हिशेबात समाधान सापडलेलं नाही, कारण ज्याच्यावर मी ते शिकलो त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

बदली झाली, मग निवृत्त झालो. अधूनमधून गुरुजी आणि त्यांची बायको कुठे बाजारात, कुठे बसस्टँडवर भेटत. दर वेळी गुरुजी आधी मला न्याहाळत, मग वही उघडत. गेल्या खेपेला आदिलाबादच्या स्टँडवर मी धीर करून त्यांच्या बायकोला विचारलं, माझं काय लिहून ठेवलंय? तिने वही माझ्याकडे वळवली. त्याच सुरेख अक्षरात होतं: 'एसआय साहेब. उंच, कपाळावर वण. भेटले की सांगायचं, मी दारू पीत नाही.'

कोर्ट, निकाल, माझी साक्ष, यातलं काही त्यात नव्हतं. गुरुजी उठून उभे राहिले. "जयभीम साहेब. मी पेत नाई."

"मला माहीत आहे, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. खाली बसून त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि मुलाच्या उत्तरापुढे करावी तशी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. तिथे आधीच्या खुणांची रांग लागलेली होती. तितक्या वेळा मी त्यांना तेच उत्तर दिलं होतं आणि त्यांच्यापाशी ते एकदाही राहिलं नव्हतं.